सर, तुम्ही शार्क पाहिला आहे का?

(समुद्राच्या तळाशी एक वेगळेच जग आहे. तिथे प्रवाळांची वस्ती आहे, रंगीत मासे आहेत आणि ज्याच्या नावानेच आपल्याला भीती वाटते तो शार्कही आहे. प्रस्तुत पाठात मराठवाड्यातील एका शिक्षकाने मालवणच्या समुद्रात बुडी मारण्याचा आपला अनुभव सांगितला आहे. ऐकीव माहितीवर विश्वास ठेवण्यापूर्वी खरे काय ते शोधावे, हा विचार या पाठातून मिळतो.)



आपल्या हदगावपासून समुद्र किती दूर आहे, ठाऊक आहे का? मालवणला जायचे म्हटले तर रस्त्याने ६०० किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. आपल्याला पाणी माहीत आहे ते विहिरीचे, तळ्याचे आणि पैनगंगेचे. उन्हाळ्यात पैनगंगेची वाळू उघडी पडते, तेव्हा तर आपण पायीच नदी ओलांडतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नसेल. मीही वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत तो पाहिला नव्हता.

तरीही मी वर्गात समुद्राविषयी मोठ्या खात्रीने बोलत असे. एकदा आठवीच्या वर्गात जलचर प्राण्यांचा विषय निघाला. मी म्हणालो, "शार्क हा समुद्रातला राक्षस आहे. माणूस पाण्यात उतरला की शार्क त्याला सोडत नाही." मुले डोळे मोठे करून ऐकत होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारले, "सर, तुम्ही शार्क पाहिला आहे का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली आणि मी खडू ठेवून बाहेर पडलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. मी शार्क पाहिला होता तो सिनेमात. मग एवढ्या खात्रीने मी कसा बोललो?

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी आणि माझा धाकटा भाऊ मालवणला निघालो. एस.टी., मग रेल्वे, पुन्हा एस.टी., असा प्रवास करत आम्ही घाट उतरलो. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सकाळ झाली होती. समोर पाहिले तर जिथे आकाश टेकले होते तिथपर्यंत पाणीच पाणी! भाऊ म्हणाला, "भाईजान, ह्याला दुसरा काठच नाही!"

इथे तुम्हांला भाषेची एक गंमत सांगतो. उर्दूत आपण 'दर्या' म्हणतो तो नदीला. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण उर्दूत तो गोड्या पाण्याचा झाला आणि मराठीत खाऱ्या पाण्याचा. समुद्रावर जहाज चालवणाऱ्याला मराठीत 'दर्यावर्दी' म्हणतात. बंदर, जहाज, खलाशी, तुफान हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. आणि उर्दूत ज्याला आपण 'गोताखोर' म्हणतो, त्याला मराठीत 'पाणबुड्या' म्हणतात. मला तर पाणबुड्याच व्हायचे होते.

पण खरे सांगतो, मला पाण्याची भीती वाटत होती. दहा वर्षांचा असताना मी आमच्या शेतातल्या विहिरीत पाय घसरून पडलो होतो. नाकातोंडात पाणी गेले. चुलत्यांनी उडी मारून मला वर काढले. त्या दिवसानंतर मी गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी गेलो नाही. आता मात्र मनाशी ठरवले, की शार्कला घाबरायचे की नाही हे पाण्यात उतरूनच पाहायचे.

मालवणजवळ तारकर्ली नावाचे गाव आहे. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे. ती २०१५ साली सुरू झाली. गळ्याइतक्या पाण्यातही न उतरलेल्या माणसाला तिथे सुरुवातीचे धडे देतात. या भागातले अनेक तरुण हे काम शिकले आहेत आणि तोच त्यांचा रोजगार झाला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून ते काम त्या काळात बंद असते.

आधी एक कागद भरून द्यावा लागला. दमा आहे का? हृदयाचा आजार आहे का? कान दुखतो का? खरी उत्तरे लिहायची, कारण आजार लपवून पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग एका कमी खोल जागी शिक्षण सुरू झाले. आम्हांला शिकवणारा तरुण माझ्याहून वयाने लहान होता. तो मला 'सर' म्हणत होता, पण त्या दिवशी शिक्षक तो होता आणि विद्यार्थी मी.

डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा, पायांत वल्ह्यासारखे पंख, कमरेला शिशाची वजने आणि पाठीवर सिलिंडर, असा आमचा पोशाख होता. मला वाटले, सिलिंडरमध्ये प्राणवायू असेल. पण तसे नसते. त्यात तुमची-आमची साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे २४०० लिटर हवा मावते. पाणीटंचाईच्या दिवसांत आपल्या दारासमोर २०० लिटरचे पिंप असते ना? तशा बारा पिंपांतली हवा एका सिलिंडरमध्ये कोंडलेली असते. ती हवा श्वासापुरती आणि योग्य दाबाने तोंडात सोडणारे यंत्र फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यॉ या दोघांनी तयार केले. तेव्हापासून माणूस माशासारखा मोकळा पोहू लागला.

त्या तरुणाने सर्वांत आधी एक नियम सांगितला. "सर, काहीही झाले तरी श्वास रोखून धरायचा नाही."

मी कारण विचारले. त्याने सांगितलेले कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. जमिनीवर फुगवलेला फुगा दहा मीटर खाली नेला तर तो निम्म्या आकाराचा होतो. आता उलटे पाहा. दहा मीटर खोल छातीभर हवा घेतली आणि ती रोखून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागेल. छाती काही फुग्यासारखी ताणत नाही. फुप्फुसे फाटतील. म्हणून सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा आणि सावकाशच वर यायचे.

मग त्याने खुणा शिकवल्या, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा वर केला तर जमिनीवर आपण 'छान' असे समजतो. पाण्याखाली त्याचा अर्थ होतो, 'मला वर जायचे आहे.' 'सगळे ठीक आहे' असे सांगायचे असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. म्हणजे पाण्याखालीही एक भाषा आहे आणि तीही नवी भाषा शिकावी तशीच शिकावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची होडी निघाली. समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा मोठा अधिकारी होता, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्या किल्ल्याभोवतीचा समुद्र आज अभयारण्य आहे. जंगलात वाघासाठी अभयारण्य असते, तसे हे समुद्रातले अभयारण्य. १९८७ साली ते घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. इथल्या पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढतात.

प्रवाळ म्हणजे काय? तो दिसतो दगडासारखा किंवा झुडपासारखा, पण तो प्राणी आहे. प्रवाळाचे लहान लहान जीव एकत्र राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. जुन्या घरांवर नवी घरे उभी राहतात. अशी हजारो वर्षे गेली की समुद्रात भिंत तयार होते. तिला प्रवाळभित्ती म्हणतात. काही प्रवाळ वर्षभरात जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. या भिंतीच्या आधाराने मासे, खेकडे, शेवंडे, कासवे असे असंख्य जीव राहतात.

मी होडीच्या कडेवर बसलो. छाती धडधडत होती. विहिरीतले ते हिरवे पाणी मला आठवले. भाऊ आधीच पाण्यात उतरून हसत होता. मी डोळे मिटले आणि स्वतःला पाण्यात सोडले.

पहिला श्वास घेतला आणि वाटले, आता पाणी आत येणार. पण आली ती हवा! दुसरा श्वास, तिसरा श्वास. कानात 'खर्र' असा आवाज आणि डोळ्यांसमोर बुडबुडे. थोडे खाली गेलो तसे कान दुखू लागले. शिकवल्याप्रमाणे नाक दाबून हलकेच हवा सोडली, तेव्हा कान मोकळे झाले. त्या तरुणाने बोटांचा गोल करून विचारले, 'ठीक आहे?' मीही गोल करून उत्तर दिले.

मित्रांनो, तिथे पाच-सहा मीटर खोलीवर मी जे पाहिले ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा माझ्या हाताजवळून गेला. पोपटासारख्या चोचीचा एक मासा खडक कुरतडत होता. त्याचे कुरतडणे मला ऐकू येत होते! कोणीही मला घाबरले नाही. मी त्यांच्या घरात न विचारता आलेला पाहुणा होतो, तरी त्यांनी वाट दिली.

तेवढ्यात माझ्या हातून एक चूक झाली. उभे राहावे म्हणून मी पाय खाली टेकवायला गेलो. खाली प्रवाळ होता. त्या तरुणाने झटकन माझा दंड धरून मला वर उचलले आणि बोट हलवून 'नाही' अशी खूण केली. होडीत आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमचा पाय तिथे पडला असता, तर तुमच्या मुलीच्या लग्नापर्यंतही ते भरून आले नसते." माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी मान खाली घातली. तिथे कशाला हात लावायचा नाही, काही उचलायचे नाही, माशांना पाव-बिस्किटे टाकायची नाहीत आणि होडीचा नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, हे नियम का आहेत ते मला तेव्हा समजले.

मग मी मनातला प्रश्न विचारला. "पण शार्क कुठे आहे?"

तो हसला. "सर, इथे पाणी उथळ आहे. होड्यांची ये-जा असते. इथे शार्क क्वचितच दिसेल. मी पाहिले ते लक्षद्वीपला."

त्याने सांगितलेली हकिकत ऐका. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तीपाशी तो पंधरा मीटर खोल गेला होता. एका खडकाच्या कपारीत त्याला एक शार्क तळाशी निजलेला दिसला. माणसाएवढा लांब, करड्या रंगाचा आणि पाठीवरच्या पंखाचे टोक पांढरे. या जातीचा शार्क दिवसा कपारीत विश्रांती घेतो आणि रात्री शिकारीला निघतो. अनेक शार्कना श्वासासाठी सतत पोहावे लागते. हा मात्र एका जागी पडून कल्ल्यांतून पाणी खेळवू शकतो. "मग तुम्ही काय केले?" मी विचारले. तो म्हणाला, "काहीच नाही. हात छातीशी घेतले आणि स्थिर राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले, कपारीतून निघाला, एक फेरी मारली आणि दूर निघून गेला. सर, मी त्याच्याहून जास्त घाबरलो होतो, पण पळाला तो!"

शार्कच्या सोबत पाण्यात असताना पाळायचे नियमही त्याने सांगितले. जोडीदाराला सोडायचे नाही. हातपाय झाडायचे नाहीत. शार्कचा पाठलाग करायचा नाही आणि त्याची वाट अडवायची नाही. चकाकणारे दागिने घालायचे नाहीत, कारण ते माशाच्या खवल्यासारखे दिसतात. जिथे कोणी मासे साफ करून रक्त पाण्यात सोडले असेल तिथे उतरायचे नाही. सगळेच शार्क गरीब असतात असे मात्र समजू नका. पांढरा शार्क, वाघ्या शार्क आणि बैल शार्क अशा काही मोठ्या जाती माणसाला धोकादायक ठरू शकतात. परंतु शार्कच्या ५०० पेक्षा अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या अगदी थोड्या जातींनी माणसावर हल्ला केल्याच्या नोंदी आहेत.

आता शार्कविषयी थोडे जाणून घेऊ. शार्क या पृथ्वीवर ४० कोटी वर्षांहून अधिक काळ आहेत. डायनोसॉर आले आणि गेले, पण शार्क राहिले. त्यांच्या अंगात एकही हाड नसते. आपल्या कानाची पाळी ज्या लवचीक कूर्चेची बनते, तशाच कूर्चेचा त्यांचा सांगाडा असतो. नाकाजवळच्या बारीक छिद्रांनी त्यांना दुसऱ्या जीवाच्या अंगातली अतिशय सूक्ष्म वीजही समजते. म्हणून वाळूत लपलेला मासाही ते शोधून काढतात. सर्वांत मोठा शार्क म्हणजे व्हेल शार्क. त्याची लांबी १२ मीटरपेक्षाही जास्त होऊ शकते, म्हणजे आपल्या एस.टी. बसहून लांब! आणि हा एवढा मोठा मासा खातो काय? पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि लहान मासे. माणसाला तो काहीच करत नाही.

आपल्या शेतात साप असतो. तो उंदीर खातो, म्हणून आपण त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. समुद्रात शार्कचे कामही काहीसे तसेच आहे. तो आजारी आणि दुबळ्या माशांना खातो. त्यामुळे माशांच्या संख्येचा समतोल राहायला मदत होते.

त्या संध्याकाळी आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहायला गेलो. होड्या लागत होत्या. टोपल्या वाळूवर ओतल्या जात होत्या. बायका मोठ्या आवाजात भाव सांगत होत्या. एका ढिगाजवळ मी थांबलो. हातभर लांबीचे, करड्या रंगाचे, टोकदार नाकाचे मासे एकावर एक पडले होते. त्यांचे तोंड खालच्या बाजूला होते आणि पाठीवर तो ओळखीचा त्रिकोणी पंख होता.

मी एका वृद्ध मच्छीमाराला विचारले, "काका, हे कोणते मासे?"

ते म्हणाले, "ही मुशी, गुरुजी. मोठी झाली की आम्ही तिला मोरी म्हणतो. तुमच्या पुस्तकातला शार्क."

थोडे थांबून ते मालवणी बोलीत म्हणाले, "पूर्वी मोठी मोरी गावायची. आता ही इतकीच गावता." गावणे म्हणजे मिळणे.

मी पाहतच राहिलो. ज्याला भेटायला मी ६०० किलोमीटर आलो होतो, ज्याच्या भीतीने होडीच्या कडेवर बसून डोळे मिटले होते, तो शार्क मला असा भेटला. तो वाळूवर मरून पडला होता आणि त्याचा भाव चालला होता.

मी त्या काकांना दोष देत नाही. मासेमारी हे त्यांचे पोट आहे, जशी शेती आपले. ही लहान मुशी पकडायला बंदीही नाही. पण त्यांचे वाक्य मी विसरू शकलो नाही. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला साधारणपणे पाच ते पंधरा माणसे दगावतात. आणि माणूस वर्षाला किती शार्क मारतो? २०१३ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार सुमारे दहा कोटी! कित्येक शार्क केवळ पंखांसाठी मारले जातात, कारण काही देशांत त्या पंखांचे सूप महाग विकते. सार्डिनसारखे मासे लाखांच्या संख्येने वाढतात, तसे मोठे शार्क वाढत नाहीत. पांढऱ्या टोकाच्या शार्कची मादी एका वेळी फक्त एक ते पाच पिल्ले देते आणि ती पिल्ले मोठी व्हायला आठ-नऊ वर्षे लागतात. मग सांगा, राक्षस कोण?

असे असले तरी चांगल्या गोष्टीही घडत आहेत. २००१ साली भारत सरकारने व्हेल शार्कला वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण दिले. त्यापूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची मोठी शिकार होत असे. २००४ पासून तिथल्या लोकांना त्याचे महत्त्व समजावून सांगण्यात आले. मोरारी बापूंनी त्याला घरी आलेल्या लाडक्या लेकीची उपमा दिली. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी जाळ्यात सापडलेले शेकडो व्हेल शार्क पुन्हा समुद्रात सोडले आहेत. जाळे कापल्याशिवाय एवढा मोठा मासा सुटत नाही, आणि जाळे म्हणजे मच्छीमाराची पुंजी. महाराष्ट्र शासनानेही २०१८ साली ठरवले, की संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. २०१५ साली भारताने शार्कच्या पंखांची निर्यातही बंद केली.

दूर प्रशांत महासागरात फिजी नावाचा देश आहे. तिथे २००४ साली एक प्रवाळभित्ती शार्कसाठी राखून ठेवली गेली. जवळच्या गावांनी तिथली मासेमारी सोडली. शार्क पाहायला येणारे पाणबुडे शुल्क देतात आणि ते पैसे त्या गावांना मिळतात. मेलेला शार्क एकदाच विकला जातो. जिवंत शार्क मात्र गावाला पुन्हा पुन्हा मिळकत देतो.

आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रातही अशी एक जागा आहे. किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, समुद्राखाली एक मोठे पठार आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते पडले. हे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद आहे. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून वीसेक मीटर खाली आहे. किनाऱ्यावरचा गाळ तिथवर पोहोचत नाही, म्हणून पाणी नितळ आहे आणि सूर्यप्रकाश खोलवर जातो. तिथे प्रवाळांची मोठी वस्ती आहे. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञ आणि पाणबुडे यांच्या पथकाने तिथे जाऊन अभ्यास केला.

पण तिचे रक्षण कोणी करायचे? राज्याचा समुद्रावरचा अधिकार किनाऱ्याजवळच्या पट्ट्यापुरता असतो. देशाची सागरी हद्दही किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर एवढीच असते. त्यापलीकडच्या समुद्राविषयीचा निर्णय केंद्र सरकारच्या हाती असतो. म्हणून आंग्रिया बँकेला खास संरक्षण मिळावे, या प्रस्तावाला महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. एवढ्या दूरच्या समुद्रात पहारा ठेवणे सोपे नाही. तिथे मासे पकडणाऱ्याला ती जागा आपली वाटली पाहिजे, तरच ती टिकेल.

सुटी संपली. शाळा उघडली. मी आठवीच्या वर्गात गेलो आणि त्या मुलीला उभे केले. म्हणालो, "तू मला विचारले होतेस, सर, तुम्ही शार्क पाहिला आहे का? आज उत्तर देतो. पाहिला, पण जिवंत नाही पाहिला." मग मी तुम्हांला सांगितली ती सगळी हकिकत वर्गाला सांगितली.

वर्ग शांत होता. ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, मग त्या दिवशी तुम्ही आम्हांला चुकीचे सांगितले होते?"

मी म्हणालो, "होय. चुकीचे सांगितले होते."

मित्रांनो, शिक्षकाला हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. पण ते उच्चारल्यावर मला हलके वाटले, जसे पाण्याखालचा पहिला श्वास घेतल्यावर वाटले होते. शार्क असो, साप असो, की आपल्याहून वेगळा माणूस असो, त्याच्याविषयी कोणी काही सांगितले तर लगेच मान डोलवू नका. त्या मुलीसारखा हात वर करा आणि आदराने विचारा, "तुम्ही पाहिले आहे का?"

शब्दार्थ

जलचर – पाण्यात राहणारे प्राणी
अभयारण्य – प्राण्यांना सुरक्षितपणे राहता यावे म्हणून राखलेली जागा
वल्हे – होडी चालवण्यासाठी पाणी मागे लोटण्याचे साधन
कपार – खडकातील पोकळ जागा
कल्ले – माशांचे श्वास घेण्याचे अवयव
कूर्चा – हाडापेक्षा मऊ व लवचीक भाग
शेवंडे – कोळंबीसारखे, पण मोठे कवचाचे जलचर
लिलाव – बोली लावून केलेली विक्री
पुंजी – साठवलेले धन, भांडवल
सरखेल – आरमाराचा प्रमुख
नितळ – स्वच्छ, तळ दिसेल असे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मालवणचे सागरी अभयारण्य कोणत्या साली घोषित झाले?
(आ) पाणबुड्याच्या सिलिंडरमध्ये काय असते?
(इ) पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ काय होतो?
(ई) आंग्रिया बँक हे नाव कोणावरून पडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पाणबुड्याने श्वास रोखून वर येऊ नये.
(आ) तरुणाने लेखकाचा दंड धरून त्याला वर उचलले.
(इ) मोठ्या शार्कची संख्या लवकर वाढत नाही.
(ई) आंग्रिया बँकेच्या संरक्षणाचा निर्णय एकटे राज्य शासन घेऊ शकत नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिलावाच्या ठिकाणी लेखकाला काय दिसले? त्याला काय वाटले?
(आ) "मग सांगा, राक्षस कोण?" या प्रश्नाचे तुमचे उत्तर कारणे देऊन लिहा.

प्र. ४. 'दर्या' या शब्दाचा उर्दूत एक आणि मराठीत दुसरा अर्थ होतो. दोन्ही भाषांत आढळणारे, पण अर्थ बदललेले आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.

उपक्रम : तुमच्या गावात ज्या प्राण्याची लोकांना उगीच भीती वाटते, अशा एका प्राण्याची खरी माहिती मिळवा आणि वर्गात पाच मिनिटे सांगा.